डावीकडची झाडं

८ जानेवारी

मास्तर,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "दाढ काढली" म्हणालो आणि तुम्ही "गाडी काढली? कुठे निघालात?" असं विचारलंत, तेव्हापासून धीर होत नाही. शिवाय गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. दवाखान्यात बाहेर पेशंट बसलेले असतात.

आपण साडू झालो त्याला वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या धंद्याची चेष्टा करायची एकही संधी मी सोडली नाही. मोठ्या माणसांना काठीनं चेंडू मारायला शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात, असं मी चारचौघांत बोललोय, तुमच्या तोंडावरही बोललोय. आता तोच मी दीड वर्षापासून दर रविवारी गोल्फ खेळतोय. क्लिनिकशेजारच्या सर्जननं ओढून नेलं. आमची चौकडी जमलीय : सर्जन, एक बिल्डर, एक निवृत्त न्यायाधीश आणि मी.

दुखणं असं आहे. चेंडू निघतो सरळ. इतका झकास निघतो की लोक "वा" म्हणायला तोंड उघडतात, आणि तेवढ्यात तो डावीकडे वळतो, घरी काहीतरी विसरल्यासारखा. आमच्या मैदानात डाव्या अंगाला जवळजवळ सगळीकडे झाडं आहेत. मी रविवार खेळायला जातो आणि झाडांत फिरून येतो. याला हूक म्हणतात, एवढंच मला कळलंय. न्यायाधीशांनी माझं नाव 'वनाधिकारी' ठेवलंय. पहिल्यांदा मीही हसलो. परवा क्लबच्या वेटरनं चहा ठेवताना विचारलं, "वनाधिकारीसाहेबांचा बिनसाखरेचा ना?" तेव्हा मात्र हसू आलं नाही. आठवडाभर लोक माझ्यापुढे तोंड उघडून बसतात आणि रविवारी मला तोंड लपवावंसं वाटतं.

हूक कसा घालवायचा ते लिहा. तुमच्या मेहुणीच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका. मी बरा खेळतो अशी तिची समजूत आहे.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
डॉक्टर


१७ जानेवारी

डॉक्टर,

पत्र मिळालं. हिला वाचून दाखवलं नाही. विचारत होती, "माझ्या बहिणीकडून आलंय का?" म्हटलं, दाताच्या औषधाबद्दल आहे.

हूक म्हणजे काय ते आधी समजून घ्या. चेंडूला लागताना क्लबचं, म्हणजे तुमच्या भाषेत काठीचं, तोंड मिटलेलं असतं, डावीकडे बघत असतं. चेंडूला तिकडची फिरकी बसते. तोंड मिटतं ते बहुतेकदा पकडीमुळे. क्लब धरा आणि खाली बघा. डाव्या मुठीचे किती उंचवटे दिसतात? तीन किंवा चार दिसत असतील तर हात फार उजवीकडे वळलाय. दोनच दिसतील एवढा परत आणा. उजवा हातही त्याच मापानं. आणि घट्ट आवळू नका. तिथे दाढ उपटायची नाहीये. मला तर वाटतं मूळ दोष तोच असेल, शेवटच्या क्षणी मनगट पिळायची तुमची सवय. धंद्यातली सवय हाताला लागते. चेंडू न ठेवता रोज गच्चीवर नुसता क्लब फिरवा. महिना जाऊ द्या. घाई करू नका.

इकडचं म्हणाल तर आमच्या मैदानावर नवीन शिक्षक आलाय. त्याच्याकडे कॅमेऱ्याचं मशीन आहे. तुम्ही फटका मारलात की पडद्यावर सगळं दिसतं, कोन, वेग, फिरकी. लोक रांग लावतात. मालकांनी माझा शनिवारचा वर्गही त्यालाच दिला. माझ्याकडे आता चार-पाच पेन्शनर आणि गुडघा बदललेल्या एक बाई उरल्यात. मुलगा वाईट नाही. मला "सर" म्हणतो. मी सकाळी जातो, जाळीजवळ पडलेले चेंडू गोळा करतो, दुपारी घरी येतो.

त्यामुळे तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. चेष्टेचं मनावर घेऊ नका, मी घेतलं नव्हतं. थोडं घेतलं होतं.

मास्तर


५ मार्च

मास्तर,

आधी साष्टांग नमस्कार.

पहिले काही आठवडे तुम्हाला शिव्याच घालत होतो. पकड बदलली तर क्लब हातात परक्यासारखा वाटायचा. गच्चीवर फिरवताना कपडे वाळत घालायची दोरी तुटली. सर्जन म्हणाला, "आधी निदान एकाच बाजूला तरी जात होता." पण मी सोडलं नाही.

आणि परवा मासिक स्पर्धेत अठ्ठ्याऐंशी फटक्यांत अठरा होल संपवले! याआधी शंभराच्या खाली मी कधी आलो नव्हतो. न्यायाधीशांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. बिल्डरनं सगळ्यांना चहा पाजला. एखादा चेंडू झाडांत जातो अजून, नाही असं नाही, पण तिथेही हल्ली जागा बरी मिळते.

हे सगळं तुमचं श्रेय. मी सगळ्यांना सांगितलं, आमचे साडू पत्रातून शिकवतात.

डॉक्टर


११ मार्च

डॉक्टर,

तुमचं पत्र मी मैदानावर नेलं. वाचून दाखवायचा विचार नव्हता, पण गुडघ्याच्या बाईंनी विचारलं, "आज एवढे खुशीत का?" मग वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक ऑफिसातून बाहेर आले. "म्हणजे माणूस न बघता, नुसत्या पत्रानं हूक काढलात?" मी म्हटलं, "काढला त्यांनी. मी फक्त लिहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून शनिवारचा वर्ग परत दिला. अकरा जणांनी नावं दिलीत. सगळ्यांना मी तुमचीच पकड शिकवतोय, तिला आम्ही 'डॉक्टरची पकड' म्हणतो. नवीन शिक्षक येऊन हात मिळवून गेला. घरी येऊन हिला सांगताना माझे डोळे भरले, असं ही म्हणते. मला वाटतं घाम असेल.

आता काम असं. एप्रिलअखेर आमच्या मैदानावर जोड्यांची स्पर्धा आहे. नऊ होल, घरगुती मामला, जोडीदारांनीच एकमेकांचे फटके लिहायचे. माझ्या जोडीला तुम्ही. मेहुणीबाईंना घेऊन या. चार दिवस राहा.

मास्तर


२ एप्रिल

मास्तर,

तुम्ही एवढ्या प्रेमानं बोलावलंत आणि मला नाही म्हणावं लागतंय. कंबर धरलीय. दिवसभर वाकून काम, त्यात गोल्फ. शिवाय एप्रिलअखेर पेशंटची गर्दी असते, शाळांना सुट्ट्या लागल्या की सगळी पोरं दात दाखवायला येतात. आणि तुमच्या जोडीला कुणी चांगला माणूस घ्या ना. मी काय, नवशिका.

आणि एक. 'डॉक्टरची पकड' वगैरे नाव कशाला? मला अवघडल्यासारखं होतं.

डॉक्टर


८ एप्रिल

डॉक्टर,

काल मेहुणीबाईंचा फोन होता. हिनं स्पीकर लावला म्हणून मलाही ऐकू आलं. रविवारी तुम्ही बेडरूममधलं लोखंडी कपाट एकट्यानं खिडकीजवळ सरकवलंत म्हणे. कंबर ठीक दिसते.

तुमची भीड मला कळते. नवीन मैदान, अनोळखी माणसं. पण वर्गातले लोक तुम्हाला बघायला आतुर झालेत. गुडघ्याच्या बाई तर रोज विचारतात. तुमची तिकिटं मेहुणीबाईंनी काढलीसुद्धा, तेव्हा आता पळवाट नाही.

मास्तर


३ मे

मास्तर,

सुखरूप पोचलो. चार दिवस ताईंनी जे लाड केले त्यानं आमच्या इथल्या जेवणाला चव राहिली नाही. दुसरा नंबर, काचेचं भांडं, तो फोटो, सगळं स्वप्नासारखं झालं. तुम्ही फोटोत हसायला हवं होतं.

एक लिहू का? स्पर्धेहून परतताना गाडीत तुम्ही फारसं बोलला नाहीत. स्टेशनवरही मी दोनदा हाक मारली तेव्हा बघितलंत. मला वाटतं कानाचं दुखणं वाढलंय. माझ्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर आहेत, फार हुशार. हल्ली मशीन इतकं बारीक असतं की दिसतही नाही. संकोच करू नका, खर्चाचं मी बघतो.

डॉक्टर


२४ मे

डॉक्टर,

उत्तराला उशीर झाला. तीन-चार कागद फाडले.

माझे कान अधू आहेत. डोळे नाहीत.

सातव्या होलवर तुमचा चेंडू डावीकडे झाडांत गेला. तुम्ही पुढे गेलात. मी माझा फटका मारून तुमचा चेंडू शोधायला मदत करावी म्हणून झुडपांच्या मागून आलो. तुमची पाठ होती. चेंडू मुळांच्या खोबणीत अडकला होता. तुम्ही आजूबाजूला बघितलंत आणि बुटाच्या टोकानं तो गवतावर आणलात. सफाईनं आणलात. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला इतकं सफाईनं जमत नाही.

मग ग्रीनवर, भोकाजवळच्या हिरवळीवर, मी विचारलं, किती? तुम्ही म्हणालात, पाच. मी पाच लिहिले. शेवटी कार्डावर सही केली.

तुमच्याबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही, ते तुम्हाला कळेल. माझ्याबद्दल लिहितो. तुम्ही चेंडू हलवलात तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा की आणखी कुणी बघितलं तर नाही ना. मी चौफेर नजर फिरवली. कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं. चाळीस वर्षं लोकांना हा खेळ शिकवणाऱ्या माणसाला हायसं वाटलं. का, तर शनिवारचा वर्ग जाईल म्हणून.

आपला फोटो मालकांनी ऑफिसच्या दाराच्या वर लावलाय. रोज त्याच्याखालून आत जावं लागतं. मी वाकून जातो. दार काही एवढं ठेंगणं नाही.

हिला बोललेलो नाही.

मास्तर


१ जून

मास्तर,

पत्र दवाखान्यात आलं. मी ते दोन पेशंटच्या मधे वाचलं आणि पुढच्या बाईंना उद्या या म्हणून सांगितलं. नर्सनं पाणी आणून दिलं, तिच्याकडेही मला बघवेना.

सगळं खरं आहे. आणि तुम्ही लिहिलंत त्याहून जास्त आहे.

हूक गेलेलाच नाही. एका दिवसासाठीही नाही. तुमची पकड मी मनापासून करून बघितली, पण चेंडू झाडांतच जायचा. मार्चच्या स्पर्धेत पहिल्याच होलला तो बुंध्याला चिकटून बसला. पलीकडे न्यायाधीश घड्याळ बघत उभे. माझा पाय चिखलात होता. तो काढताना चेंडू हलला, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी तिथे चिखल नव्हता. अठ्ठ्याऐंशीतले खरे किती, मलाच ठाऊक नाही. मी मोजणंच सोडून दिलं होतं.

पण ती लबाडी झाडांमागे राहिली असती. मी तुम्हाला पत्र लिहिलं, त्यात फुशारकी मारली. तुम्ही खूश व्हाल एवढंच डोक्यात होतं. तुम्ही ते लोकांना वाचून दाखवाल, त्यावर वर्ग उभा कराल, जी पकड मला लागू पडली नाही ती अकरा जणांना माझ्या नावानं शिकवाल, हे मला कसं कळणार? कळलं तेव्हाही मी कंबरेचं कारण सांगितलं. आणि वर तुम्हाला कानाचं मशीन घेऊन द्यायला निघालो! ती ओळ आठवली की बसल्या जागी माझे कान तापतात.

आता काय करू? खरं सांगितलं तर माझं नाव जाईल, ते जाऊ दे, पण तुमचा वर्ग जाईल. न सांगावं तर तुम्ही रोज वाकून आत जाणार. तुम्ही म्हणाल तसं करतो.

डॉक्टर


६ जून

डॉक्टर,

"तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे पुन्हा सही मीच करायची.

मला विचारू नका.

मास्तर


२१ जून

डॉक्टर,

काल तुम्ही न कळवता आलात आणि चहाही न घेता गेलात. ही रागावलीय. बहिणीचा नवरा दारावरून जातो म्हणजे काय, म्हणते. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोघंही सारखेच."

मी शेडमध्ये क्लब पुसत होतो. बाहेर आलो तर तुम्ही वर्गासमोर उभे, हातात ऑफिसच्या दारावरून काढलेला फोटो. तुम्ही बोलत होता, मला शब्द लागत नव्हते. फक्त लोकांचे चेहरे दिसत होते. गुडघ्याच्या बाई माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं सांगायला लागल्या, "ते म्हणतायत चेंडू पायानं सरकवला. म्हणतायत हूक गेलाच नव्हता." सगळ्या मैदानाला दोनदा ऐकू गेलं.

मग वर्गातल्या एका इंजिनिअरनं विचारलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही शिकतोय ते काय?" तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत नाही. मला तरी उपयोग झाला नाही." हेही बाईंनीच कानाशी सांगितलं. लागलं मला. पण ते खरंच होतं.

बाईंनी स्वतःचा क्लब तुमच्या हातात दिला. "मारा. बघू तरी कसा जातो." तुमचे कान लाल झाले होते, तरी मारलात. चेंडू सरळ निघाला आणि डावीकडे वळून जाळीत गेला. मागे कुणीतरी हसलं. तुम्ही क्लब परत दिलात, बाईंना धन्यवाद म्हणालात आणि फाटकाकडे चालायला लागलात. मी हाक मारली. या खेपेला तुम्हाला ऐकू आलं नाही.

आता पुढचं. तुम्ही मालकांना सांगून गेलात की मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. तुमचा हेतू कळला. पण ते खोटं होतं, आणि आता माझ्याच्यानं आणखी एक खोटं पेलवत नव्हतं. मी ऑफिसात गेलो आणि म्हटलं, "मी बघितलं होतं. बघून सही केली." मालक म्हणाले, "मास्तर, हे सांगायची काही गरज नव्हती हो." मला वाटतं त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण शनिवार गेला. काचेचं भांडं तिसऱ्या नंबरच्या जोडीला पाठवलं. आठ जण मशीनकडे गेले. तीन राहिले : बाई, इंजिनिअर आणि एक गृहस्थ, ज्यांना मला वाटतं झाल्या प्रकाराचा पत्ताच नाही.

काल रात्री मला झोप लागली, एवढं नक्की.

आता हूक. काल तुम्हाला उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. स्पर्धेच्या दिवशी मी आनंदात होतो, शिक्षकाच्या नजरेनं बघितलंच नव्हतं. डॉक्टर, दोष मुठीत नाही. मी तुम्हाला नुसतं हातांबद्दल लिहिलं आणि पाय कुठे असतात हे विचारलं नाही. चूक माझी. तुम्ही उजवीकडे तोंड करून उभे राहता. बरेच उजवीकडे. डावीकडे झाडं आहेत या धास्तीनं अंग तिकडून फिरवता. मग क्लब आतून बाहेर जातो, आणि चेंडू निशाणाकडे यावा म्हणून हात आपोआप त्याचं तोंड मिटवतात. जेवढे झाडांपासून लांब वळाल तेवढा चेंडू झाडांत जाईल.

एक क्लब जमिनीवर बुटांच्या टोकांना लावून ठेवा आणि मागे जाऊन बघा तो कुठे रोखलाय. मग पाय फिरवा, झाडांच्या कडेकडे रोखेपर्यंत. भीती वाटेल. आत्ता सरळ झाडांतच जाणार असं वाटेल. तसेच उभे राहा आणि मारा.

मास्तर


१० जुलै

मास्तर,

तुमच्या मेहुणीला सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी सगळ्यांना कौतुक सांगत फिरत होते, तेव्हा तू तिथेच बसलेला असायचास ना?" दोन दिवस जेवायला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

मग रविवारी क्लबात चौकडीला सांगितलं. चहाच्या टेबलावर, उभ्यानंच. मला वाटलं आता गदारोळ होईल. बिल्डर कपाकडे बघत राहिला. सर्जननं खिडकीबाहेर बघितलं. न्यायाधीश म्हणाले, "बसा डॉक्टर. आम्हाला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"मार्चपासून. तुम्हाला झाडांमागून काही दिसत नाही असं वाटतं, पण ग्रीनवरून पाय दिसतात."

मास्तर, तुमच्या वर्गासमोर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं होतं, याहून जास्त लाज असू शकत नाही. पण हे लोक चार महिने माझ्या लबाडीवर चहा पीत होते, "वा डॉक्टर" म्हणत होते, आणि घरी जाताना एकमेकांकडे बघून हसत असतील. मी विचारलं, बोलला का नाहीत? बिल्डर म्हणाला, "कशाला उगाच. चौथा माणूस कुठे शोधायचा?" मी पैसे ठेवले आणि उठलो. त्यांच्याबरोबर आता खेळणं होणार नाही. त्यांची हरकत नाही म्हणे, मलाच जमणार नाही.

काल, आडवारी, एकटाच निघालो होतो. ती म्हणाली, "मी येते चालायला." बोलणं तसं अजून कमीच आहे. तुम्ही सांगितलंत तसा क्लब जमिनीवर ठेवून बघितला. कुठल्या कुठे रोखलेला! पाय फिरवले. समोर निशाण नाही, नुसती झाडं. डोळे मिटून मारावं असं वाटलं. चेंडू झाडांच्या कडेनं गेला आणि मधोमध पडला. एकदा नव्हे, बऱ्याचदा. दुरून बघणाऱ्याला विशेष काही वाटणार नाही, पण मी तिथेच क्लबवर टेकून उभा राहिलो.

अकराव्या होलला पुन्हा धीर सुटला, पाय जुन्या जागी गेले, आणि चेंडू आत. जाऊन बघतो तर दोन मुळांच्या मधे, मातीत रुतलेला. ती माझ्या मागून आली होती. चेंडू बघितला, मला बघितलं, आणि पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मला अडचण नको म्हणून. माझी लाज राखायला.

मी म्हटलं, "इकडे बघ."

ती वळली. मी मारायला लागलो. पहिला फटका मुळाला बसला, दुसराही. तिसऱ्याला माती तिच्या साडीवर उडाली. ती हलली नाही, शेवटपर्यंत बघत राहिली.

त्या होलला नऊ लागले.

डॉक्टर